बोलायला जागा, ऐकायला माणूस

रावेर तालुक्यात मनाचं दुखणं मनाचं म्हणून दवाखान्यात क्वचितच येतं. ते छातीतल्या धडधडीतून येतं, रात्री दोनला टक्क उघडणाऱ्या डोळ्यांतून येतं, ‘हातपाय गळून जातात’, ‘डोकं बधिर झालंय’, ‘जीव कशात लागत नाही’ अशा शब्दांतून येतं. डॉक्टर रक्तदाब मोजतात, रक्त तपासून घेतात, फार अशक्तपणा वाटला तर सलाइन लावतात. रिपोर्ट नॉर्मल येतात आणि माणूस ते दुखणं जसंच्या तसं घेऊन सावद्याला, चिनावलला, ऐनपूरला परततो. असं दोन-तीनदा झालं की घरात ‘बाहेरचं काही असेल’ अशी कुजबुज सुरू होते. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाच्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपल्या दोन्ही अंगांचे शेजारी, मध्य प्रदेश आणि गुजरात, होते. त्या पाहणीनुसार देशातल्या १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी काही ना काही मानसिक आजार होता आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. राज्यातली चार जुनी सरकारी मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. खान्देशात एकही नाही. त्यामुळे इथे मानसिक आरोग्याचा विषय निघाला की मागणी होते ती इमारतीची आणि मनोविकारतज्ज्ञाची. ती रास्त आहे, तिच्यामागे जोरही लावायला हवा. मात्र या प्रस्तावनेला त्या मागणीच्या अलीकडचं एक म्हणणं मांडायचं आहे. दुखणाईत माणूस ज्या जागी बोलतो ती जागा आणि ज्याच्याशी बोलतो ते माणूस हा उपचाराचाच भाग आहे. त्यांचा परिणाम मोजता येतो. आणि या दोन गोष्टी उभ्या करायला रावेरला पुण्या-मुंबईची वाट पाहावी लागत नाही.

ग्रामीण भागातली कुठलीही गर्दीची ओपीडी डोळ्यांसमोर आणावी. खिडकीतून केस पेपर मिळतो, नाव मोठ्याने पुकारलं जातं आणि बाकावरची वीस माणसं मान वळवून पाहतात. डॉक्टरांच्या टेबलाभोवती एकाच वेळी चार जण उभे असतात, मध्ये पडदा असला तर तो निम्म्यावर सरकवलेला असतो. बाई समोरच्या स्टुलावर बसते, पण ‘काय होतं?’ या प्रश्नाचं उत्तर मागे उभी असलेली सासू किंवा नवरा देतो. बाई खाली बघते, पदराचं टोक बोटाला गुंडाळते. दीड मिनिटात चिठ्ठी लिहून होते. यात डॉक्टरांची चूक शोधणं अन्यायाचं होईल. शंभरावर रुग्ण बाहेर ताटकळत असतील तर दुसरं काय होणार? तरीही त्या दीड मिनिटात जागेने आपलं काम केलेलं असतं. इथे हे बोलायचं नसतं, हे तिने बाईला सांगून टाकलेलं असतं. गोळी कितीही योग्य असली तरी ज्या दुखण्यासाठी ती द्यायची ते दुखणं टेबलापर्यंत आलेलंच नसतं.

समुपदेशक आणि त्याच्याकडे आलेलं माणूस यांच्यातल्या नात्याचा विचार जुना आहे. १९३६ साली सॉल रोझेनझ्वाइग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने असं सुचवलं, की एकमेकांशी भांडणाऱ्या उपचारपद्धती जर सारखाच गुण देत असतील तर गुण देणारं काहीतरी त्या सगळ्यांत सामाईक असलं पाहिजे. १९५७ साली कार्ल रॉजर्स यांनी त्या सामाईकाला नावं दिली: समोरच्याच्या जागी जाऊन समजून घेणं, आतबाहेर एक असणं आणि अट न घालता त्याचा स्वीकार करणं. पण माझ्या मते आपल्याला सर्वांत उपयोगी पडते ती एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ साली केलेली मांडणी. त्यांच्या लेखी उपचारातलं नातं नुसत्या जिव्हाळ्यावर उभं राहत नाही. कुठे पोचायचं यावर दोघांचं एकमत हवं, त्यासाठी काय करायचं यावर एकमत हवं, आणि मग जिव्हाळा. हे महत्त्वाचं अशासाठी, की आपल्याकडे ‘चांगला समुपदेशक’ म्हणजे गोड बोलणारा, धीर देणारा माणूस अशी समजूत आहे. गोड बोलून धीर दिला आणि पुढच्या आठवड्यात काय करायचं हे ठरलंच नाही, तर बॉर्डिनच्या हिशेबाने ते नातं अर्धंच राहिलं.

याला पुरावा काय? २०१८ साली ख्रिस्टोफ फ्ल्युकिगर आणि सहकाऱ्यांनी २९५ अभ्यास एकत्र केले. त्यांत ३०,०००हून अधिक रुग्ण होते. उपचारातलं नातं जितकं पक्कं तितका गुण अधिक, हे पद्धती बदलल्या, देश बदलले तरी टिकलं. आकड्यांत सांगायचं तर रुग्णारुग्णांच्या सुधारणेत जो फरक दिसतो त्यातला सुमारे आठ टक्के या नात्याशी जोडता येतो. यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: आठ टक्के म्हणजे काहीच नाही. मनाच्या आजाराला गरिबी, घर, शरीर, आनुवंशिकता, नशीब अशी पन्नास टोकं असतात. त्यांतलं एकच टोक, आणि तेही आपल्या हातातलं, आठ टक्के उचलत असेल तर ते सोडून देण्यासारखं नाही. केळीच्या बागेत वारा, ऊन आणि बाजारभाव आपल्या हातात नसतात म्हणून कुणी ठिबकच्या नळ्या तपासायचं सोडत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ज्याला बरं वाटू लागतं त्याला आपला समुपदेशक आवडू लागतो. मग नात्याने गुण आला की गुणाने नातं जमलं? प्रामाणिक उत्तर असं, की दोन्ही घडतं. पण अनेक अभ्यासांत नातं अगदी सुरुवातीच्या भेटींत मोजलं गेलं आणि तोवर झालेली सुधारणा वेगळी काढली, तरी सुरुवातीचं नातं पुढच्या प्रवासाचा अंदाज देत राहिलं. गोळीच्या बाबतीतही हे दिसतं. अमेरिकेतल्या नैराश्यावरच्या एका मोठ्या सरकारी चाचणीत काही रुग्णांना इमिप्रामिन आणि काहींना औषध नसलेली तशीच गोळी दिली होती. २००६ साली त्यांतल्या ११२ रुग्णांचा आणि त्यांना तपासणाऱ्या ९ मनोविकारतज्ज्ञांचा हिशेब पुन्हा मांडला गेला. तेव्हा खरी गोळी आणि खोटी गोळी यांच्यातल्या फरकापेक्षा एका डॉक्टरात आणि दुसऱ्या डॉक्टरात पडलेला फरक मोठा निघाला. हा हिशेब थोड्याच रुग्णांचा होता, त्याच्यावरून औषधं निरुपयोगी ठरत नाहीत. स्किझोफ्रेनिया, तीव्र उन्माद, आत्महत्येच्या टोकाला नेणारं नैराश्य यांत औषध लागतंच आणि ‘फक्त बोलून बरं होईल’ असं सांगणारा माणूस धोकादायक असतो. पण ते औषध महिनोन्‌महिने घेतलं जाणार की पंधरा दिवसांनी फडताळात पडून राहणार, हे बहुतेक वेळा देणाऱ्यावरच्या विश्वासावर ठरतं.

आता जवळ येऊ. आपल्या कामाची सर्वांत मोलाची परीक्षा गोव्यात झाली. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली सुरू केलेल्या ‘संगाथ’ने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना काही आठवड्यांचं प्रशिक्षण देऊन, मग देखरेखीखाली सराव करवून समुपदेशक केलं. १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ नैराश्यग्रस्त रुग्णांवर चाचणी घेतली. निम्म्यांना डॉक्टरांची नेहमीची सेवा मिळाली, निम्म्यांना तिच्या जोडीला सहा ते आठ भेटी, प्रत्येकी तीस-चाळीस मिनिटांच्या, गरज पडली तर रुग्णाच्या घरी जाऊन. २०१७च्या ‘लॅन्सेट’मधले आकडे सांगतात, की तीन महिन्यांनी नुसती नेहमीची सेवा मिळालेल्यांत ३९ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, तर समुपदेशन मिळालेल्यांत ६४ टक्के. विदर्भातही असंच काही घडलं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम चालला. गावातल्याच माणसांनी घरोघर जाऊन नैराश्याबद्दल बोलायला सुरुवात केली. आधी नैराश्य असलेल्या शंभरांतले चारच जण कुठल्याही मदतीपर्यंत पोचत होते, नंतर सत्तावीस पोचू लागले. अमरावतीची माणसं रावेरच्या माणसांहून फार वेगळी नाहीत. कर्ज, पीक, लग्नाची मुलगी आणि लोक काय म्हणतील, ही चिंता दोन्हीकडे तीच आहे. शासनाने २०१५मध्ये ‘प्रेरणा’ प्रकल्प आणला तो विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी. खान्देश त्या यादीबाहेर राहिला, म्हणून इथला ताण कमी होता असं मानायचं कारण नाही.

गोव्यातल्या त्या भेटींत चालायचं काय, हे नीट पाहिलं तर नातं आणि पद्धत एकमेकांत कशी गुंतलेली असतात ते कळतं. पद्धत साधी: मन खचलं की माणूस कामं सोडतो, कामं सुटली की मन आणखी खचतं, तर कामाच्या टोकाकडून उलट चालायला लागायचं. हे रावेरच्या भाषेत मांडून पाहू. मे-जूनच्या वादळात निसवलेली बाग आडवी झाली आहे. वर्षभराचं खत, मजुरी, सोसायटीचं कर्ज त्या मोडलेल्या खोडांखाली आहे. शेतकरी शेताकडे जायचा थांबतो, पारावर जायचा थांबतो, फोन उचलत नाही. भेटायला येणारे सगळे एकच वाक्य बोलतात: ‘धीर धरा, तुमच्या एकट्याचं थोडंच झालंय?’ वाक्य खरं आहे, प्रेमातून आलेलं आहे आणि त्याने बोलणं तिथेच संपतं. समुपदेशक इथे वेगळं काम करतो. तो आधी नुकसान पूर्ण ऐकून घेतो, घडांच्या हिशेबासकट, मध्ये न तोडता. मग दोघं मिळून एवढंच ठरवतात, की उद्या सकाळी बांधापर्यंत जायचं. खोडं उचलायची नाहीत, नुसतं जाऊन यायचं. परवा पंप चालू करून पाहायचा. चौथ्या दिवशी पंचनाम्याच्या कागदांसाठी तलाठ्याकडे जायचं, सोबत कोण येईल तेही ठरवायचं. आठवड्याने पुन्हा तोच समुपदेशक, त्याच वेळी, ‘आबा, बांधापर्यंत गेलात का?’ असं विचारतो; आणि गेले नसतील तर रागावत नाही, काय आडवं आलं ते विचारतो. गुण देणारी गोष्ट या ‘तोच’ आणि ‘त्याच वेळी’मध्ये बरीचशी आहे.

दारूच्या बाबतीत गोव्याचा निकाल मात्र इतका भरघोस नव्हता. घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांना अशाच भेटी दिल्या, तेव्हा तीन महिन्यांनी त्यातून बाहेर आलेल्यांचं प्रमाण ३६ विरुद्ध २६ टक्के होतं. फरक आहे, पण थोडा. माणूस पाऊण तास समुपदेशकाजवळ असतो आणि उरलेला दिवस त्याच नाक्यावर, त्याच मित्रांत, त्याच घरच्या तणावात काढतो. इथून प्रश्न जागेचा आणि परिसराचा होतो, आणि त्याचं महाराष्ट्राने दिलेलं सर्वांत विचारपूर्वक उत्तर म्हणजे पुण्याचं ‘मुक्तांगण’. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी दिलेल्या देणगीच्या बळावर २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ते सुरू झालं. डॉ. अनिता अवचट तिथल्या मनोविकारतज्ज्ञ होत्या. त्यांनी आणि अनिल अवचटांनी बंद कोठडी, मारहाण आणि अपमान यांना उपचारातून वजा केलं. त्या काळात व्यसनी माणूस म्हणजे ठोकून सरळ करायचा माणूस असाच समज होता. त्यात दारूतून बाहेर पडलेल्यांनाच कार्यकर्ते करणं ही मोठी गोष्ट होती. नव्याने आलेल्या, हात थरथरणाऱ्या माणसासमोर कालचा तसाच माणूस रजिस्टर घेऊन बसलेला असतो. ‘तुला काय कळणार माझं?’ हा प्रश्न तिथे उरत नाही. बायकांसाठी ‘सहचरी’ गट झाले, कारण परत जायचं ते घर बदललं नाही तर आतले पाच आठवडे बाहेरच्या पाच दिवसांत पुसले जातात. आणि डिस्चार्जनंतर पुन्हापुन्हा येऊन भेटणं हा उपचाराचाच भाग मानला गेला. मुक्तांगणमध्ये वातावरण म्हणजे बाग किंवा भिंतींचा रंग नव्हता. कोण कुणाशी कसं बोलतं, कोण कुणाला मारू शकत नाही, संध्याकाळी कोण कुणासोबत बसतं, ही सगळी रचना म्हणजे वातावरण.

भिंती आणि खिडक्या अगदीच निरर्थक आहेत असंही नाही. रॉजर उलरिक यांनी १९८४ साली पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाच्या जुन्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडं दिसत होती त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली आणि ते थोडे लवकर घरी गेले. विटांची भिंत दिसणाऱ्यांना तसं झालं नाही. अभ्यास ४६ रुग्णांचा, त्यामुळे त्याच्यावर फार मोठा डोलारा उभारू नये. मला त्याहून विचारात पाडतो तो २००२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेला तमिळनाडूतल्या एका मंदिराचा अभ्यास. तीव्र मानसिक आजार असलेले ३१ जण तिथे सरासरी सहा आठवडे राहिले. औषध नाही, विशेष विधी नाहीत; घरचं माणूस सोबत, राहायला जागा, झाडलोटीसारखी हलकी कामं आणि कुणाचाही जाच नाही. त्यांची लक्षणं सुमारे २० टक्क्यांनी उतरली. आपल्याकडे फलटणच्या महानुभाव मंदिरात व्हिएडा स्कल्टन्स यांनी जे पाहिलं, आणि १९८७ साली लिहिलं, ते आणखी जवळचं आहे. आजारी मुलाला घेऊन आलेली आईच तिथे अंगात येऊन त्याचं दुखणं स्वतःवर घेत होती.

म्हणून ‘भगताकडे जाता, अडाणी आहात’ असं म्हणणाऱ्यांशी माझा पक्का वाद आहे. रावेरचा माणूस भगताकडे जातो, सातपुड्यातला पावरा बडव्याकडे जातो, बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानीच्या दर्ग्यावर दुखणाइताला नेलं जातं, ते तिथे वेळ मिळतो म्हणून. तिथे दुखण्याला नाव मिळतं, घरच्यांना करायला काहीतरी मिळतं, आणि ‘वेडा’ हा शिक्का न बसता सगळं कुटुंब सोबत बसू शकतं. दवाखान्याने जे दीड मिनिटात नाकारलं ते तिथे दिलं जातं. पण इथेच उलटा आक्षेपही ऐकावा लागतो: नातं आणि वातावरण एवढे गुणकारी असतील तर भगतच पुरे की! नाही पुरत. ज्या नात्यात बरं करण्याची ताकद असते त्याच नात्यात मोडण्याचीही असते. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत आग लागली तेव्हा साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. तीही श्रद्धेची जागा होती, तिथेही कुटुंबांनी विश्वासानेच माणसं सोडली होती. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळी बांधणं पूर्ण निषिद्ध केलं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली महाराष्ट्रात आलेला जादूटोणाविरोधी कायदाही अघोरी उपचारांवर बोट ठेवतो. समुपदेशकाचं नातं भगताच्या नात्याहून वेगळं ठरतं ते तीन गोष्टींनी: आलेलं माणूस केव्हाही उठून जाऊ शकतं, आपल्या हाताबाहेरचं ते समुपदेशक कबूल करतो आणि पुढे पाठवतो, आणि ऐकलेलं तो बाहेर सांगत नाही.

ही तिसरी गोष्ट रावेरसारख्या गावात सर्वांत अवघड. शहरात समुपदेशकाच्या दारात कुणी ओळखीचं भेटत नाही. इथे दारात शिरणाऱ्याला तीन जण विचारतात, ‘काय हो, इकडे कसे?’ समुपदेशक स्वतः कुणाचा तरी भाचा असतो, कुणाच्या तरी मुलाचा शिक्षक असतो. गुप्तता मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या २३व्या कलमात लिहिलेली आहे, पण ती गावात जगवावी लागते खोलीच्या रचनेने आणि तोंडाच्या शिस्तीने. याचा एक धडा ग्रामीण रुग्णालयांनी आधीच गिरवलेला आहे. एचआयव्हीची तपासणी आली तेव्हा समुपदेशनासाठी वेगळी खोली हवी, आतलं बाहेर ऐकू जाता कामा नये, असा नियम आला. आणि ज्या आजाराचं नाव घ्यायची लाज होती त्याबद्दल माणसं त्या छोट्या खोल्यांत बोलू लागली. मनाच्या दुखण्यासाठीही सुरुवात तिथूनच करता येईल. दार ओपीडीच्या बाकांकडे उघडणारं नको. पाटीवर ‘मनोरुग्ण’ हा शब्द नको. बाईला काही वेळ तरी एकटीला आत घ्यायचं, आणि सासूला बाहेर बसवताना तिचाही मान राखायचा, म्हणजे तिच्याशीही आधी दोन मिनिटं बोलायचं. दिवस बाजाराचा ठेवला तर गावाला येण्याचं कारण कुणाला सांगावं लागत नाही. १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा क्रमांक ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे. ज्याला समोर बसणं अवघड वाटतं त्याला तो द्यावा, पण समोरच्या माणसाऐवजी तो देऊन मोकळं होऊ नये.

शेवटचा आक्षेप या क्षेत्रातल्या जाणकारांचा आहे, आणि तो मला सर्वांत काळजीचा वाटतो: अर्ध्याकच्च्या माणसांच्या हाती माणसांची मनं देऊन तुम्ही गरिबांना दुय्यम उपचार देत आहात. गोव्याच्या प्रयोगातला एक भाग लोक विसरतात म्हणून हा आक्षेप खरा ठरू शकतो. तिथे समुपदेशक आपल्या भेटींच्या ध्वनिफिती एकमेकांना ऐकवत, ठरलेल्या कसोट्यांवर एकमेकांना गुण देत आणि वर तज्ज्ञांची नजर असे. ती व्यवस्था काढून टाकली आणि आशाताईंच्या आधीच ओझ्याने भरलेल्या वहीत ‘समुपदेशन’ हा आणखी एक रकाना वाढवला, तर ज्याची भीती आहे तेच होईल. २०१८पासून जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, धुळ्याला त्याआधीपासून आहे. तालुक्यातल्या समुपदेशकांनी महिन्यातून एक दिवस तिथल्या तज्ज्ञांसमोर आपली अडलेली प्रकरणं, नावं काढून, मांडायची, आणि ज्याला पाहायलाच हवं त्या रुग्णाला त्याच दिवशी सोबत न्यायचं, एवढी साखळी जमली तरी पुष्कळ. ऐकणाऱ्यालाही कुणीतरी ऐकावं लागतं. दिवसात पाच जणांची दुःखं पोटात घालून घरी जाणारी कार्यकर्ती सहा महिन्यांत एकतर कोरडी होते किंवा काम सोडते, आणि मग तिच्याजवळ बोललेल्या माणसांचा विश्वास तिच्याबरोबरच जातो.

पुढची पानं वाचताना एक अडचण वाचकाने लक्षात ठेवावी, कारण ती या पानांतही पुरती सुटलेली नाही. इथलं बरंचसं लेखन प्रमाण मराठीत आहे आणि रावेरचं दुखणं प्रमाण मराठीत बोलत नाही. ते लेवा बोलीत बोलतं, तडवी घरांत वेगळ्या वळणाने बोलतं, पालच्या वरच्या पाड्यांवर पावरीत बोलतं. ‘नैराश्य’ हा शब्द त्यांतल्या कुठल्याच घरात रोजच्या वापरात नाही. तिथल्या एखाद्या बाईला आतून काय होतंय हे विचारायचं तर तिच्याच बोलीतली, तिच्याच पाड्यातून शिकून आलेली मुलगी समोर हवी. ती मुलगी निवडणं, तिला शिकवणं आणि पहिली दोन वर्षं तिच्या पाठीशी उभं राहणं, हे काम अजून व्हायचं आहे.